मिस्टर अल्सिदचा डावा खांदा

"ओढताना दुखतं ना? मग ओढू नका. नुसतं ढकलून वाजवा," मी म्हणाले.

मिस्टर अल्सिदनी माझ्याकडे बघितलं, मग बायकोकडे. दोघं फ्रेंचमध्ये काहीतरी बोलली आणि त्यांची बायको, मिस व्हर्ना, तोंडावर पर्स धरून हसायला लागल्या.

"हे ऐक, शा," मिस्टर अल्सिद म्हणाले. अमेरिकेतल्या लुइझियानात लग्न झालेल्या बाईलाही 'मिस'च म्हणतात, आणि 'शा' म्हणजे आपलं 'बाळा'. ते सगळ्यांनाच म्हणायचे, आमच्या मॅनेजरलासुद्धा.

त्यांनी मांडीवरचं अकॉर्डियन उचललं, उभे राहिले आणि वॉल्ट्झ नाचाचं एक गाणं नुसतं ढकलून वाजवलं. दोन-चार सुरांत भाता मिटायचा. मग ते अंगठ्याने हवेचं बटण दाबून तो उघडायचे. फुस्स. पुन्हा दोन-चार सूर. मधले सूर गायबच. ट्रेडमिलवरची बाई चालायची थांबली.

"कुठलं गाणं होतं हे?" मी विचारलं.

"हिच्या आवडीचं," बायकोकडे बोट दाखवून ते म्हणाले. "आता नसेल."

घोळ माझ्या डोक्यातल्या पेटीमुळे झाला होता. आपल्या पेटीत भाता फक्त हवा देतो. पट्टी दाबली की ठरलेला सूर येतो. केजन अकॉर्डियन तसं नाही. उजव्या हाताला दहा बटणं असतात. एकच बटण दाबून भाता ढकलला तर एक सूर, ओढला तर दुसरा. म्हणजे भाता कधी कुठल्या दिशेला न्यायचा, हे गाणंच ठरवतं. आणि तो नेतो डावा हात. मिस्टर अल्सिदचा डावा खांदा तर नुकताच शिवलेला होता.

ही गोष्ट २००४ची. मी लुइझियानातल्या लाफायेतजवळ एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट होते. केजन म्हणजे कॅनडातून हुसकावल्यावर तिथे येऊन राहिलेल्या फ्रेंच लोकांचे वंशज. त्यांच्या नाचाच्या बँडमध्ये फिडल असतं, गिटार असते, लोखंडी त्रिकोण असतो. पण अकॉर्डियनवाला आला नाही तर लोक घरी जातात.

मिस्टर अल्सिद सत्तरीचे. जन्मभर वेल्डिंग केलं आणि रविवारी दुपारी गावच्या हॉलमध्ये वाजवलं. खांदा धरून ठेवणारा एक स्नायू फाटला, त्याचं ऑपरेशन झालं. सर्जनने बजावलं होतं, पुन्हा फाटला तर पुन्हा शिवता येणार नाही. हॉलवाल्याने ईस्टरपर्यंत जागा राखून ठेवली होती. त्याआधीच्या उपासाच्या दिवसांत तसेही नाच कमी असतात. ईस्टरनंतर मात्र तो दुसरा माणूस कायमचा घेणार होता.

माझी मॅनेजर डोना. तिने त्याच आठवड्यात मला बोलावलं.

"शर्ट घालता येतो?"

"येतो."

"केस विंचरता येतात?"

"आहेत तेवढे येतात."

"मग उपचारांचे ठरलेले गोल्स पूर्ण. डिस्चार्ज कर."

"त्यांना वाजवता येत नाहीये, डोना."

"ती हॉबी आहे. इन्शुरन्स हॉबीला व्हिजिट्स देत नाही."

माझे वडील सोलापुरात लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. त्या क्लॅरिनेटवर माझं कॉलेज झालं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी डोनाला सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "छातीच्या उंचीवर वजन धरून डावा हात दोन्ही दिशांना तीन-चार तास हलवायचा. हे वेल्डरचं काम असतं तर तू डिस्चार्ज केलं असतंस?"

डोनाने भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. "ईस्टरपर्यंत. त्यानंतर माझ्याकडे येऊ नकोस."

आता दिशा बदलता येणार नाही हे कळलं होतं. मग बदलायचं काय? मी त्यांना पुन्हा अकॉर्डियन आणायला लावलं आणि वाजवताना खांद्याचा कोन मोजला. हॉलमध्ये मायक्रोफोन धड नव्हते तेव्हापासूनची त्यांची सवय अशी की उभं राहायचं, वाद्य छातीपाशी उंच धरायचं आणि कोपर बाहेर काढून ओढायचं. आवाज नाचणाऱ्यांच्या डोक्यावरून जातो म्हणे. पण कोपर खांद्याच्या रेषेत गेलं की शिवलेला स्नायू वरच्या हाडाखाली चिमटतो. दुखणं तिथे होतं.

मी स्टूल पुढे केलं. "बसा. वाद्य मांडीवर टेकवा. कोपर खाली."

त्यांनी तोच वॉल्ट्झ वाजवला. पूर्ण. सगळे सूर जागेवर. या वेळी मिस व्हर्ना हसल्या नाहीत, पायाने ठेका धरून बसल्या.

"दुखलं?"

"नाही."

"मग झालं तर. बसून वाजवायचं."

"शक्य नाही. बसून म्हातारे वाजवतात."

"तुम्ही सत्तरीचे आहात."

"म्हणूनच तर!"

पुढे काही आठवडे आमचं हेच चाललं. खांद्याचे व्यायाम त्यांनी मुकाट्याने केले. रबरी पट्टा ओढला, भिंतीवर बोटं चढवली. खुर्चीचं नाव काढलं की फ्रेंच सुरू. मी सर्जनची भीती घातली. कोन दाखवले. सांगाड्याच्या मॉडेलवर हाड कुठे लागतं ते दाखवलं. "छान आहे," म्हणाले आणि सांगाड्याशी हस्तांदोलन केलं. शेवटच्या व्हिजिटला मी स्वच्छ सांगितलं, "उभं राहून वाजवाल तर वर्षभरात फाटेल. मग शर्टसुद्धा मिस व्हर्नांना घालून द्यावा लागेल." त्यांनी टोपी घातली. वाद्य उचललं आणि गेले.

ईस्टरनंतरच्या रविवारी मी हॉलवर गेले. स्टेजवर फिडलवाला उभा, गिटारवाला उभा. मधोमध स्वयंपाकघरातली असते तसली एक लाकडी खुर्ची. मिस्टर अल्सिद इस्त्रीचा शर्ट घालून आले, खुर्चीवर बसले आणि माइकवर फ्रेंचमध्ये काहीतरी लांबलचक बोलले. लोकांनी टाळ्या पिटल्या.

"काय म्हणाले?" मी मिस व्हर्नांना विचारलं.

"म्हणतो, उभ्याने वाजवणारे तुम्ही रोज बघता. आज मी माझ्या बापासारखं वाजवणार. जुन्या लोकांची खरी पद्धत हीच."

"त्यांचे वडील बसून वाजवायचे?"

"मला काय माहीत? मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी वाजवणं सोडलं होतं."

खांद्याचा उल्लेख नाही. ऑपरेशनचा नाही. माझा तर नाहीच. पण शेवटच्या टू-स्टेप नाचापर्यंत त्यांचं कोपर एकदाही वर गेलं नाही. मी बघत होते. रविवारची जागा त्यांच्याकडेच राहिली. त्या उन्हाळ्यात शेजारच्या गावातला एक तिशीतला वादकही खुर्ची घेऊन बसायला लागला. त्याचे दोन्ही खांदे ठणठणीत होते.

उपचार पेशंटला पटला पाहिजे, असं कॉलेजात शिकवतात. तो त्याला चारचौघांत मान वर करून सांगताही आला पाहिजे, हे शिकवत नाहीत.