फुगडीला न उठणाऱ्या बायका

साकीनाक्याच्या आमच्या वस्तीत कुणाच्या घरी काय शिजतंय, कुणाचा नवरा कुठे पैसे उधळतोय, हे पत्र्याच्या भिंतीतून आपोआप कळायचं. पण बाळंतपणात अंगाची वाट लागली, तर ते बायका सख्ख्या बहिणीलाही सांगत नसत. चौऱ्याऐंशी साली एका धर्मादाय दवाखान्याने वस्तीतल्याच शेवंतीला नेमलं ते याच कामाला. डॉक्टर जयंतीबाईंनी तिला बजावलं होतं, "बाळंतपणानंतर जिची लघवी गळते, जिचं अंग बाहेर येतं, तिला माझ्याकडे आण. बरं करता येतं हे."

शेवंती घरोघर विचारत फिरली. सगळ्यांचं एकच उत्तर, "छे गं बाई, मला कुठे काय!" एवढ्या ठणठणीत बायका एकाच वस्तीत? शेवंतीचा काडीचा विश्वास बसला नाही.

मग तिने फुगडी काढली. हळदीकुंकवाचं निमित्त करायचं, बायका जमवायच्या आणि फुगड्या लावायच्या. स्वतः मधोमध बसून ती टाळ्यांनी ताल धरायची, नजर मात्र भिंतीशी बसून राहणाऱ्या बायकांकडे. उडी मारली की जिचं गळतं ती कशाला उठेल? तिथे ती कुणाला काही बोलत नसे. दुसऱ्या दिवशी "तुझी वाटी राहिली होती गं माझ्याकडे" म्हणत घरी जायची, दार लोटायची आणि हळूच विचारायची, "कधीपासून?" वाटी बहुतेक तिची स्वतःचीच असायची.

पहिल्याच खेपेला फजिती झाली. "कधीपासून?" विचारल्यावर मालन म्हणाली, "शिमग्यापासून गं, चालवत नाही." शेवंतीने तिला दवाखान्यात नेऊन थेट टेबलावर झोपवलं, तेव्हा कळलं की मालनच्या टाचेला कुरूप झालंय. "पाय दाखवायला आले, तर ही बया कुठे बघायला लावते!" मालन महिनाभर नळावर सांगत होती. आम्ही पोट धरून हसलो. पण ते ऐकून दोघीजणी आपणहून दवाखान्यात गेल्या.

नलिनीची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. गावी पहिल्या बाळंतपणात ती अडली, मूल गेलं, आणि तेव्हापासून लघवी सारखी ठिबकत राहिली. ते लपणार कसं? सासू कृष्णाबाईंनी ठरवून टाकलं होतं, चैत्र संपला की नलिनीला कायमची माहेरी धाडायची आणि जयवंतला दुसरी बायको करायची. आत भोक पडलंय, ते शिवता येतं, असं जयंतीबाई सांगत होत्या. पण "आमच्या घरची बाई परक्यासमोर पाय पसरून निजूची नाय," म्हणून कृष्णाबाई अडून बसल्या. आणि जयवंत? आईपुढे तो ब्र काढत नसे. मला त्याचा अस्सा राग यायचा!

चैत्रातल्या हळदीकुंकवाला शेवंतीने सासूसुनेला बोलावलं. मी पन्हं वाटत होते. नलिनी दाराशी, सगळ्यांपासून लांब बसली. फुगड्या रंगल्या. आणि गावी स्वतःइतकी सरस फुगडी कुणी घालत नसे असं एरवी ऐकवणाऱ्या कृष्णाबाई एका अंगावर भार टाकून भिंतीला चिकटल्या होत्या. शेवंतीचे डोळे चमकले.

"आता कृष्णाबाईंची फुगडी!" तिने आरोळी ठोकली. बायकांनी टाळ्या पिटल्या.

"माका नको गो. गुडघो दुखता."

शेवंतीने त्यांचे दोन्ही हात धरले आणि ती कानाशी वाकली. मी पेला घेऊन शेजारीच होते, म्हणून ऐकलं.

"कधीपासून?"

कृष्णाबाईंचा चेहरा उतरला. "जयवंताच्या येळेपासून," त्या पुटपुटल्या. "अंग भायर येता. फडको बांधून दिवस काढतंय."

जयवंत तेव्हा तिशीला टेकला होता.

"सोमवारी सुनेला घेऊन दवाखान्यात या आणि स्वतःलाही दाखवा. नाहीतर आत्ता सगळ्यांसमोर फुगडी."

"मेले, जीव घेशीत माझो!"

"ताल धरा गं!" शेवंती ओरडली.

"येतंय, येतंय सोमवारी!"

सरळसरळ दमदाटीच ती. मला मनापासून आवडली.

मोठ्या इस्पितळात दोघींची ऑपरेशनं झाली, खाटाही शेजारीशेजारी. भेटायला येईल त्याला कृष्णाबाई सांगायच्या, "सुनेच्या सोबतीक इलंय." लघवीची नळी काढल्यावर नलिनीचं अंथरूण कोरडं राहिलं, तेव्हा मात्र त्या ढसाढसा रडल्या. दुसऱ्या सुनेचा विषय त्यांनी स्वतःच मिटवला.

पुढच्या चैत्रात पुन्हा शेवंतीकडे जमलो. नलिनीने मालनबरोबर अशी फुगडी घातली की घराचे पत्रे वाजले. मग धापा टाकत ती शेवंतीपुढे उभी राहिली आणि तिने हात पुढे केले. "चल मावशी!"

"मी उठले तर ताल कोण धरणार?" शेवंतीचं नेहमीचं उत्तर.

"ताल मी धरतंय," म्हणत कृष्णाबाई टाळ्या वाजवू लागल्या.

शेवंती जागची हलली नाही. नलिनी तिच्याकडे बघत राहिली, मग कानाशी वाकून एकच शब्द बोलली. तो मला ऐकू आला नाही, ऐकायची गरजही नव्हती. शेवंतीने मान खाली घातली. आम्हा सगळ्यांना हुडकून काढणारी ती बाई स्वतः कधीच फुगडीला उठली नव्हती, आणि तोवर आमच्यातल्या एकीच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नलिनी वाटी परत द्यायला शेवंतीच्या घरी गेली. वाटी नलिनीचीच होती.