मूळ जपानीतला शेवटचा संवाद

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अल थुमामापासून अल अझीझियापर्यंतच्या सगळ्या मराठी घरांना ठाऊक आहे. कुणाची नोकरी डळमळली, कुणाच्या घरी सासू-सुनेचं वाजलं — मला कळलं की शुक्रवारच्या आत दोह्याला कळलंच. पण एक तीळ मी गेली कित्येक वर्षं दाताखाली धरून बसलोय. तो भिजला, फुगला, कुजला. बायकोलाही सांगितला नाही. तुम्हाला सांगतो. तुमचं काय, वाचाल आणि पान उलटाल.

आधी सोपं तेवढं उरकून घेतो — मला जपानी येत नाही.

हसलात? मग तुम्ही आमच्या इथल्या मराठी मंडळातले नक्कीच नाही. मंडळात मी 'टिपणीस-सान'. जपानला मी एकदाच गेलो, कंपनीच्या आठवडाभराच्या ट्रेनिंगला, आणि त्यातला निम्मा वेळ कच्चा मासा पोटात फिरला म्हणून हॉटेलच्या बाथरूममध्ये काढला. परत आल्यावर त्या आठवड्याचे दोन महिने झाले, आणि पुढच्या गणपतीपर्यंत दोन वर्षं. भूकंप झाला तेव्हा एका म्हातारीला खांद्यावर टाकून मी जिन्याने खाली आलो. तिच्या मुलाने घरातली तलवार मला देऊ केली; मीच नको म्हटलं, कस्टमवाले अडवतील. आणि लोकांनी हे गिळलं. इंजिनियर माणसं ही — पाइपचा एकेक वेल्ड तीनतीनदा तपासतात, पण माझी म्हातारी कुणी एकदाही तपासली नाही. असल्यांना फसवू नये, तर काय त्यांची पूजा करावी?

असो. हे हसण्यावारी नेण्यासारखं. पुढचं तसं नाही.

वर्ल्ड कपची बांधकामं तेव्हा ऐन भरात होती. एका स्टेडियमला गारवा देण्याचं काम आमच्याकडे होतं — उघड्या आभाळाखाली वाळवंट गार करायचं, यंत्रं अशी की चालू केली तर बहारीनला पडसं व्हावं. जपानी भागीदाराकडून आलेले हायाशी साहेब आमचे वरिष्ठ. त्यांच्याशी मी इंग्रजीत बोलायचो. त्यांचं मोडकं, माझं मोडकं, त्यामुळे उत्तम जमायचं.

त्याच सुमारास तो सिनेमा आला. सिनेमा कसला, कार्टून. एक पोरगा, त्याच्या तळहातातून निळा जाळ निघतो, पायाच्या अंगठ्यावर तो डोंगर ओलांडतो, आणि एक ठोसा मारायला त्याला अर्धा तास लागतो, कारण आधी ठोशाचं नाव ओरडून सांगावं लागतं. इथल्या मॉलमध्ये इंग्रजी आवाजातली आवृत्ती लागली, खाली अरबी अक्षरं. मुंबईत म्हणे हिंदी आवाजातली. मंडळाची पोरं येडी झाली. मग त्यांनीच कुठूनतरी शोध लावला, की परदेशी पाठवताना शेवट कापलाय. आपल्याकडे पोराची तलवार आभाळात गेली की सिनेमा खलास. मूळ जपानीत त्यापुढे अजून एक प्रसंग आहे. हायाशी साहेब रजेवरून येताना ती मूळ डिस्क घेऊन आले आणि भाबडेपणाने, पोरांसाठी म्हणून, मला देऊन बसले. तिच्यात भाषांतराची अक्षरं नव्हती, कुठल्याच भाषेतली. पण टिपणीस-सान जिवंत असताना अक्षरं हवीत कशाला?

शुक्रवारी दुपारी, अध्यक्षांच्या व्हिलात, साबुदाणावड्यांनी तुडुंब झालेल्या मंडळापुढे मी माइक घेऊन बसलो. इंग्रजी आवृत्ती मी आधीच मॉलमध्ये जाऊन पाहून ठेवली होती — दोनदा, एकटा, टोपी कपाळावर ओढून. त्यामुळे शेवटापर्यंत मराठी धबधब्यासारखी चालली. मग तो कापलेला प्रसंग आला. पोरगा दमून घरी येतो. चुलीपुढे म्हातारी आई. ती वर न बघताच एवढंसं काहीतरी बोलते. मला ओ की ठो कळलं नाही. मी आवाज दाटून आणला आणि म्हणालो, "बाळा, तलवार म्यान झाली तरी कुळाचं तेज म्यान होत नसतं."

अर्थ विचारू नका. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी डोळे पुसले — आईला नाशिकच्या वृद्धाश्रमात ठेवून आलेल्या अध्यक्षांनी.

आणि मागून कुणीतरी खुदकन हसलं.

ती केतकी. माझ्या हाताखाली निलेश म्हणून एक आहे — दुधखुळा, मी म्हणेन ती पूर्व मानणारा — त्याची बायको. पुण्याहून येऊन जेमतेम तीनेक महिने झालेले. ती सहज म्हणाली, "सर, ती एवढंच म्हणतेय, पाय धुऊन ये, भात निवतोय."

आता तुम्हीच सांगा, हा काय संवाद झाला? माझा केव्हाही सरस होता. पण चूक दाखवली होती, आणि पोरं वळून बघायला लागली होती. मी माइकवरूनच म्हटलं, "वहिनी, ही सामुरायांची जुनी बोली. तुमच्या पुण्यातल्या क्लासमध्ये शिकवतात ती दुकानातली जपानी." हॉल हसला. सगळ्यांत आधी कोण हसलं असेल? निलेश.

ती लाजली नाही, चिडली नाही. नंतर वड्यांचं ताट घेऊन माझ्याकडे आली आणि हळू आवाजात जपानीत एक वाक्य बोलली. लांब होतं, अदबीचं होतं, शेवटी प्रश्नाचा सूर होता. मी कमरेत वाकून म्हणालो, "हाइ." म्हणजे हो. माझ्याकडच्या मोजक्या शब्दांपैकी हा बरा. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, डबा उघडावा आणि आत काहीच नसावं तसं. ताटात वडा वाढला आणि गेली. तिला कळलं होतं. तरी कुणापाशी एक अक्षर बोलली नाही. नवऱ्याचा साहेब ना मी.

इथे थांबलो तर गंमत म्हणून खपून जाईल. पण सांगायचं ते अजून आलंच नाही. बघा, मीही त्या पोरासारखाच — ठोसा बाजूला, नुसतं नाव ओरडतोय.

केतकी चाकणच्या एका कारखान्यात दुभाषी होती. जपानी साहेबांच्या बैठका तिच्या जिवावर चालायच्या. तिथून बिनपगारी रजा घेऊन ती आलेली. निलेशच्या एकट्याच्या पगारात अल नस्रच्या फ्लॅटचं भाडं निघत नव्हतं. त्यामुळे दोघांचं ठरलं होतं — रजा संपायच्या आत तिला इथे काम मिळालं तर संसार इथे. नाहीतर ती पुण्याला परत आणि हा इथे बॅचलर. आणि नेमका आमच्याच ऑफिसला दुभाषी हवा होता. निलेशने माझ्या कानावर घातलं होतं. मी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हटलं होतं, समज झालंच, यल्ला, चल, पेढे आण.

हे त्या सिनेमाच्या आधीचं.

सिनेमानंतरच्या रविवारी हायाशी साहेब आणि मी साइटवर निघालो होतो. गाडीत त्यांनी विचारलं, निलेशची बायको जपानी बोलते असं ऐकलं, कशी आहे तिची भाषा? मी काचेबाहेर क्रेन बघत होतो. ती ऑफिसात आली तर काय होईल, ते मला तिथे लख्ख दिसलं. पहिला दिवस, चहाची वेळ, सगळे जमलेले, आणि हायाशी साहेब हसत म्हणतायत, अरे, टिपणीस जपानी बोलतात? मला कधी सांगितलं नाहीत. म्हातारी, भूकंप, तलवार — सगळं त्या एका कप चहात बुडणार.

मी म्हणालो, "हॉबी, सर. कार्टून बघून शिकलीय."

एवढंच. इंग्रजीत, मोडक्या. त्यांनी मान डोलावली आणि विषय मिटला. दुभाषी पुढे दुसरीकडून आला. केतकी रजा संपायच्या आत पुण्याला गेली. तिला विमानतळावर सोडायला गाडी माझीच होती. बॅगा मीच उचलल्या. निलेश वाटेत तीनदा शुक्रन म्हणाला, आभार मानायची इथली सवय.

मंडळाला मी मूर्ख म्हणतो, आणि ते आहेतच. त्यांनी फक्त टाळ्या वाजवल्या होत्या. गाडीत टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं.

आता समुद्रकाठी कॉर्निशवर वर्ल्ड कपसाठी देशोदेशीचे झेंडे लागलेत. स्टेडियम गार झालंय, भर दुपारी शाल घ्यावी इतकं — नाही, इतकं नाही, पण बरं गार. निलेश अल नस्रमध्येच आहे, फ्लॅट सोडून चौघांबरोबर एका खोलीत. मुलगी पुण्यात झाली. आता फोनवर त्याला 'हॅलो काका' म्हणते आणि तो आम्हाला ते हसत सांगतो. शुक्रवारी आमच्याकडे जेवायला येतो. आणि दर दोनतीन शुक्रवारांनी, विषय असो नसो, म्हणतो, "सर, तुम्ही तेव्हा शब्द टाकला होतात. आमचंच नशीब."

मी म्हणतो, अरे सोड. थोरपणाने म्हणतो. जमतं मला ते.

केतकीने ताट हातात धरून काय विचारलं होतं, ते मला आजही माहीत नाही. अदबीने विचारलं होतं, आणि मी वाकून हो म्हणालो होतो. कशाला हो म्हणालो असेन?

आज शुक्रवार. निलेश येऊन बसलाय. आतून बायकोची हाक येते — निलेश, हात धुऊन घे रे, भात निवतोय. तो उठून मोरीकडे जातो. मी जागचा हलत नाही.