निधीचा मंत्र अडायचा तेव्हा

माझी मुलगी निधी नववीत आहे, आणि गेल्या वर्षी तिच्या णमोकार मंत्राने मला अक्षरशः जेरीस आणलं होतं. जैनाच्या घरात असं लिहिताना हात अडखळतो, पण खरं तेच आहे. एखादं अक्षर चुकलं असं वाटलं की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. ताट निवून जायचं, शाळा बुडायची. सासूबाई कौतुकाने सांगत, "पोरगी लय धार्मिक हाय." मी मात्र भगवंतापुढे उभी राहून चिडायची. संस्कारी लेक मागितली होती, हे काय दिलंस?

अशात अकोल्याकडच्या आमच्या मालेगावला विहार करत, म्हणजे पायी फिरत, एक जैन साध्वी माताजी आल्या. दर्शनाला गेलो, तर निधी मंत्र पुटपुटत मंदिराच्या दारातच थबकली. मागे लोक खोळंबले. माझा संयम सुटला.

"काहून उभी हायेस? किती खेपा म्हनशीन? दुकान उघडाचं हाय मले!"

आतून माताजींनी ते ऐकलं. निधीला जवळ बसवून विचारलं, "बेटा, मंत्र म्हटल्यावर शांत वाटतं का?"

"नाही. भेव वाटते. चुकला तं मम्मीले काही होईन."

इतके महिने रागावले, समजावलं, शपथा घातल्या. पण हा साधा प्रश्न मला सुचला नव्हता.

"ही भक्ती नाही, दुखणं आहे," माताजी मला म्हणाल्या. "मुलांच्या मनाच्या डॉक्टरांना दाखवा."

अकोल्याला गेलो. तिथे प्रश्न संपेनात, मी पुन्हा वैतागले. डॉक्टरबाईंनी मला बाहेर पाठवून निधीला एकटीला विचारलं: कोणते विचार येतात, दिवसाचा किती वेळ जातो, मधेच थांबलीस तर काय वाटतं. मग मला आत बोलावलं.

"'बरोबर म्हटलं का?' असं ती विचारते, तेव्हा तुम्ही काय करता?"

"बरोबर हाय, सांगून टाकते. नाही तं पिच्छा सोडत नाही!"

"त्यानं तेवढ्यापुरती भीती जाते, आजार मात्र पक्का होतो," त्या म्हणाल्या. हा हट्ट नव्हता, ओसीडी म्हणजे मंत्रचळाचा आजार होता, आणि त्यावर उपचार होते.

उपचार अजून चालू आहेत. ती मधूनच अडते, मीही चिडते. माताजी पुढच्या गावी गेल्या, पुन्हा भेट नाही. परवा निधी म्हणाली, "मम्मी, आज मंत्र चुकला असन. पन मी तशीच खेळाले गेली."

मी मनोमन हात जोडले. माझा जीव सांभाळायचं ओझं त्या पोरीनं एकटीनं वाहिलं होतं. ते तिचं नव्हतंच, माझंही नाही. आता ते भगवंताच्या चरणी ठेवलं आहे.