आधी गिनती सांगा

उज्वला पगारे नोकरी कसली करते, हे तिच्या सासूबाईंना अकरा वर्षांत नीट सांगता आलेलं नाही. कुणी विचारलंच तर त्या म्हणतात, "पोलीस धरतात, कोर्ट सोडतं, आणि आमची सून परत धरून आणते."

तसं बघितलं तर यात चूक काही नाही. नाशिकरोडच्या कारागृहातून माणूस सुटला की आठवडाभरात तो जेल रोडवरच्या, सुटलेल्या कैद्यांना काम शोधून देणाऱ्या संस्थेच्या खोलीत उज्वलासमोर बसलेला असतो. ती आधी चहा मागवते. चहा संपेपर्यंत एक प्रश्न नाही. मग पिवळी फाइल उघडते. आधार कार्ड आहे का, घरी कोण आहे, आज झोपणार कुठे, हाताला काय येतं. पुढची दोन वर्षं ती फाइल बंद होत नाही. तिचा नवरा शेखर ओझरच्या विमान कारखान्यात फिटर आहे. तो म्हणतो, "माझीही एक फाइल काढ की. महिन्यातून दोनदा तरी विचारशील, शेखरभाऊ, कसं चाललंय?"

पण फाइलीपेक्षा उज्वलाचा जीव तालमीत. माणसाला कामावर पाठवण्याआधी ती त्याची तालीम घेते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढायचा, पदर खोचायचा, की झाली मालकीण.

"काय हो, झुंबर नाव तुमचं? लटकणारं का चालणारं?"

समोरच्या खुर्चीत झुंबरभाऊ अंग चोरून बसले होते. वय पन्नास, गाव कळवणजवळचं. बांधावरच्या भांडणात रागाच्या भरात फावडं चाललं, शेजाऱ्याचा हात कायमचा अधू झाला, आणि यांची आठ वर्षं आत गेली. त्यातली सात तुरुंगाच्या स्वयंपाकघरात.

"ताई, हसू का नको?"

"मालकीण हसली तर हसायचं. आणि एक लक्षात ठेवा. तिला उलट प्रश्न करायचे नाहीत. ती सांगेल ते ऐकायचं, अडलंच तर एकदा विचारायचं. किती वेळा विचारायचं?"

"एकदा."

"शाब्बास."

झुंबरभाऊंनी ही नोकरी मनावर घेतली होती, त्याला कारण वैष्णवी. त्यांची मुलगी, नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला, इथेच नाशकात होस्टेलवर. बाप सुटल्यावर ती फोनवर एवढंच म्हणाली होती, "काम लागलं की कळवा, पप्पा. मग येईन तुमच्याकडं जेवायला." तेव्हापासून झुंबरभाऊ दर सकाळी उज्वलाला विचारत, "ताई, लागलं का?"

अंबडला लंकाबाईंची खानावळ आहे. कारखान्यातले कामगार दुपारी तिथं जेवतात. लंकाबाईंपासून उज्वलानं काही लपवलं नाही. मालकाला सगळं आधी सांगायचं, हा तिचा नियमच.

"चोरी केलीय का?" लंकाबाईंनी विचारलं.

"नाही. मारामारी."

"माझ्याशी मारामारी करायला नवराही धजला नाही. स्वयंपाक येतो?"

"दीड हजार माणसांचा."

"मग द्या पाठवून. तीन दिवस बघते. जमलं तर ठेवीन, नाही तर तुमचा तुम्हाला परत."

पहिल्या दिवशी अकरा वाजता फोन आला. "मॅडम, तुमचा माणूस किचनमध्ये देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखा उभा आहे! भाजी चिरलेली नाही, शेगडी पेटवलेली नाही. नैवेद्य दाखवू का काय करू?"

उज्वलानं स्कूटर काढली. अंबडपर्यंत सगळे सिग्नल लाल लागले, आणि प्रत्येकावर तिनं स्वतःलाच दोन शब्द सुनावले. पोचली तर लंकाबाई घामाघूम होऊन बटाटे चिरत होत्या, आणि झुंबरभाऊ टोपी हातात धरून भिंतीशी उभे.

"भाऊ, काय झालं?"

"गिनती नाय सांगितली, ताई."

"कसली गिनती?"

"जेवणाऱ्यांची. मी विचारलं, किती माणसं? त्या म्हनल्या, येतील तेवढी. आता येतील तेवढी म्हंजे किती डाळ? आत सकाळी प्रत्येक बराकीतून गिनती यायची, तवा कुठं चूल पेटायची. सात वर्षं. गिनतीबिगर माझा हातच उठत नाय."

"मग परत का नाही विचारलंत?"

झुंबरभाऊंनी तिच्याकडे निरागसपणे पाहिलं. "तुमीच म्हनल्या होत्या ना? एकदाच इचारायचं."

उज्वलानं चष्मा काढून पुसला. मालकिणीची भूमिका तिनं झकास वठवली होती. पण त्या आतल्या स्वयंपाकघरात काम चालायचं कसं, हे विचारायला ती साफ विसरली होती. फाइलीत एक ओळसुद्धा नव्हती.

"लंकाबाई, चूक माझी आहे. यांना माणसांचा आकडा लागतो."

"अहो, आकडा मलाच ठाऊक नसतो! कधी वीस येतात, कधी पन्नास. उरलेला भात रोज गायीला. गाय फुगून म्हैस झाली माझी."

"मावशी," झुंबरभाऊ पहिल्यांदाच आपणहून बोलले, "सकाळी पोरं पोहे खायला येत्यात ना तुमच्याकडं? तवाच इचारतो त्यांना. दुपारी कोन कोन हाय म्हनून."

लंकाबाईंनी सुरी खाली ठेवली. उज्वलाकडे बघितलं, मग झुंबरभाऊंकडे. "उद्या बघू," म्हणाल्या. "आज आधी कांदे घ्या."

दुसऱ्या दिवशी साडेसातला झुंबरभाऊ दारात उभे, हातात पाटी आणि खडू. पोह्यांची बशी घेणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न. चौतीस रेघा झाल्या. चौतीस माणसांचा स्वयंपाक झाला, चौतीस माणसं जेवली, आणि अडीच वाजता पातेल्याच्या तळाला डाळीचा एक दाणा नाही. लंकाबाईंनी पातेलं उलटं करून पाहिलं. गाय गोठ्यात हंबरत राहिली.

तिसऱ्या दिवशी निकाल. त्या दुपारी उज्वला मुद्दाम खानावळीतच जेवायला गेली. अर्थात सकाळी फोन करून आपली रेघ ओढून घेतली होती. वांग्याची भाजी, वरण, भात. वांगं तोंडात विरघळत होतं. तिला वाटलं, झालं, आज फाइलीत लिहायचं, काम पक्कं.

तेवढ्यात राकेश आला. लेथ मशीनवरचा पोरगा, आवाज मशीनपेक्षा मोठा.

"काका, एक ताट!"

"पाटीवर रेघ हाय तुमची?"

"कसली रेघ?"

"सकाळी इचारलं होतं. तुमी नव्हते गिनतीत."

"अरे, काय लावलंय हे! गिनती घेता, हजेरी घेता, तुम्ही काय जेलर आहात का?"

सगळे हसले. उज्वलाचा घास हातातच राहिला. लंकाबाईंचा डाव वरणात थांबला. तालमीत या प्रश्नाचं उत्तर होतंच: बाकीच्यांना सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचं, घाई करायची नाही. झुंबरभाऊंनी टोपी काढली, डोकं खाजवलं.

"जेलर नाय, भाऊ. पन तिथलाच हाय. आठ वर्षं होतो आत. मारामारी केली होती, माझीच चूक. गिनतीची सवय तिथली."

रांगेतल्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. पंखा तेवढा कुरकुरत राहिला. उज्वलाला उठावंसं वाटलं, आपण होऊन काहीतरी सावरावंसं वाटलं. पण या वेळचं वाक्य तिचं नव्हतं. ती बसून राहिली.

राकेशनं शेजारच्या ताटातल्या वांग्याकडे पाहिलं. मग झुंबरभाऊंकडे.

"एक विचारू, काका? आत हीच भाजी मिळते?"

"छे! तिथं तेल कुठं एवढं?"

"मग ठीक आहे. मला वाटलं, कारखाना सोडून तिकडंच जावं."

आधी एक जण फिसकन हसला, मग सगळ्या रांगेनंच सूर धरला. लंकाबाईंनी डाव पातेल्यावर आपटला. "बास! झुंबरभाऊ, त्याला वाढा. आणि उद्यापासून दोन ताटं जास्त धरत जा. असे बिनगिनतीचे येणारच."

"उद्यापासून?" झुंबरभाऊंनी विचारलं. "म्हंजे मावशी, मी..."

"एकदाच विचारायचं, माहीत नाही का?" लंकाबाई म्हणाल्या, आणि पदरानं तोंड पुसायचं निमित्त करून हसल्या.

उज्वलानं फाइल तिथंच, वरणाच्या ताटाशेजारी उघडली. 'काम पक्कं' असं लिहिलं. त्याखाली आणखी एक ओळ: 'पुढच्या तालमीआधी विचारणे, आत दिवस कसा जायचा.' कागदावर वांग्याचा डाग पडला तो पडलाच.

रविवारी सकाळी आठला तिचा फोन वाजला. शेखर चहा गाळत होता. "आलं बघ, तुझं कुणीतरी सुटलं असेल," म्हणाला.

"ताई, झुंबर बोलतोय. आज निम्मे कारखाने बंद, म्हनून गिनती कमी. एकोणीस."

"मग मला कशाला सांगताय, भाऊ? मालकिणीला सांगा."

"त्यांना सांगितलं." मागे कुकरची शिट्टी झाली. "एकोणीस कारखान्याची. विसावी वैष्णवी. पोरीनं स्वतः फोन करून सांगितलं, पप्पा, मला धरा."

उज्वलानं चष्मा काढला आणि पदरानं पुसायला घेतला.

"ताई? हायेत ना? तुमी नि साहेब येताय का? लवकर सांगा, मला डाळ टाकायचीय."

तिनं शेखरकडे पाहिलं. त्यानं गाळणं हातात धरूनच दोन बोटं वर केली.

"बावीस धरा, झुंबरभाऊ," ती म्हणाली. "बावीस."