ज्याचा त्याचा पासवर्ड

नव्वदचं दशक सरत आलं होतं, तेव्हा विट्यात इंटरनेटचं एकच दुकान होतं. दुबईतल्या भावाला ईमेल पाठवायला मी तिथं जायचो. दुकानदार नव्या गिऱ्हाइकाला स्वतः खातं उघडून द्यायचा आणि म्हणायचा, "हितं कुणाचं राज्य न्हाई बगा. काय लिवायचं ते लिवा. पासवर्ड मातर बायकूला बी सांगू नका." आपण पासवर्ड टाकायला लागलो की तोंड फिरवून रस्त्याकडं बघत राहायचा. मला त्याचं ते फार आवडायचं.

एका दुपारी माझ्याच वर्गातल्या मुलीचे वडील आले. "पोरगी कुणाला लिवती, ते बगायचंय," एवढंच म्हणाले. दुकानदारानं त्यांना खुर्ची दिली, वाकून तिचा पासवर्ड टाकला आणि एकेक पत्र उघडून दिलं. कुठंच अडखळला नाही. वडील वाचून निघून गेले.

"तिचा पासवर्ड तुम्हाला कसा माहीत?" मी खुर्चीवरून उठत विचारलं.

"खातं मीच काढून दिलंय की. समद्यांचेच ठाव हायत," तो शांतपणे म्हणाला. "आन् बाप हाय त्यो तिचा. न्हाई कसं म्हणायचं?"

त्या आठवड्यात तिचं कॉलेज बंद झालं. पुढंही मी दुकानावरून जाताना तो हसून हात करायचा. माझा हात काही वर होत नसे.