मुंबारक हरायला तयार होईना

काळाचौकीच्या दर्शना मेस्त्रीला पोरांनी वैताग आणला होता, आणि पोरं तिची स्वतःची नव्हतीच. दादरच्या एका दातांच्या दवाखान्यात ती आठवडाभर फोन घ्यायची. रविवारी सकाळी मंडळाच्या खोलीत चाळीतली मुलं जमवून त्यांना मुंबईच्या जुन्या दंतकथा सांगायची. नुसतं ऐकायचं नाही, असा तिचा नियम. मुलांनीच पात्रं व्हायचं, आणि ती गोष्ट मध्येच थांबवून विचारणार, "आता तुम्ही काय कराल?"

हा नियम आपण कुठून काढला, असं तिला त्या रविवारी झालं.

गोष्ट मुंबारकाची होती. ब्रह्मदेवाच्या वराने माजलेला हा राक्षस बेटावरच्या लोकांना छळतो. देवांच्या तेजातून आठ हातांची देवी प्रकटते आणि त्याला लोळवते. मग तो पाया पडून म्हणतो, माझं नाव तू धारण कर. म्हणून ती मुंबादेवी.

राक्षस व्हायला सगळेच तयार. देवी व्हायला कोणी नाही. शेवटी श्रेया कशीबशी कबूल झाली. उरलेल्या हातांसाठी तिच्यामागे तिघं उभे केले, तर ते हात आपसातच मारामारी करायला लागले.

राक्षस झालेला राजस काही पडेना.

"अरे, पड ना आता!"

"कसा पडू, टीचर? मला वर आहे ना?"

"टीचर नाही, ताई म्हण. आणि पड."

"पण लॉजिक काय?"

दर्शनाने त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. त्याने हात जोडून नाव मागितलं. श्रेया म्हणाली, "नाही घेणार."

"अगं, देवी हो म्हणते!"

"तुम्हीच विचारता ना, काय कराल म्हणून? याने सगळ्यांना त्रास दिला. याचं नाव मी का लावू?"

तेवढ्यात गोंगाट ऐकून शेजारच्या आनंदीबाई दारात आल्या. "काय गो दर्शना, बाजार मांडलंस काय हय?" भांडण कशावरून ते कळल्यावर त्या म्हणाल्या, "राक्षस-बिक्षस काय नाय. मुंगो नावाचो कोळी होतो, तेची देवी ती. माझी आवस असाच सांगी."

झालं. मुलं दर्शनाकडे वळली. "मग खरं कुठलं, ताई?"

"दोन्ही सांगतात लोक."

"पण परीक्षेत कुठलं लिहायचं?"

"परीक्षा नाहीये रे बाबांनो!" ती एवढ्या जोरात ओरडली, की मागचे हातसुद्धा गप्प झाले. तिने सगळ्यांना घरी पिटाळलं.

पुढच्या रविवारी ती खोलीची किल्ली परत करायलाच निघाली होती. पोरं आधीच दाराशी येऊन भांडत होती. प्रत्येकाने घरी विचारलं होतं आणि प्रत्येकाच्या घरात वेगळीच देवी निघाली होती. नायगावहून आलेली राजसची आजी तर बजावून सांगत होती, की देऊळ पूर्वी बोरीबंदराला होतं, आधी ते शिकवा.

"एकेकाने बोला!" दर्शना म्हणाली. कोणी ऐकलं नाही. तिने कपाळावर हात मारला आणि कुलूप उघडलं. आनंदीबाईंना खुर्ची दिली, तर त्यांनी चहा मागितला. श्रेया अजूनही नाव घ्यायला तयार नव्हती. वाद दुपारपर्यंत चालला.

सोमवारी दवाखान्यात दर्शनाचा आवाज पूर्ण बसला होता. फोन डॉक्टरांनाच घ्यावे लागले.