सल्ल्याचे दात

साक्षात त्र्यंबकराजा प्रसन्न होऊन "वर माग" म्हणाला, तर "कशावरून तुम्हीच ते?" असं विचारणारी बाई जगात एकच आहे, आणि ती आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायची. मूळची हरसूलकडची. कॉलेजात तासिकेवर शिकवायची आणि नागलीच्या जुन्या वाणांवर पीएचडी करायची. दूधवाला "म्हशीचंच आहे, मॅडम" म्हणाला, की हिचं "कशावरून?" तयार. डॉक्टरनं आराम सांगितला, तर त्याची कारणं देता देता त्यालाच घाम फुटला. मी बैलबाजारातल्या दलालीतून वर आलेला माणूस, घासाघिशीत कुणाला ऐकत नाही. पण भाडं वाढवायला गेलो, तर तिनं गळका नळ दाखवला. "वाढ कशावरून, काका?" मी घर डोक्यावर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी नळ बदलून दिला.

कॉलेजात मात्र हा प्रश्न जड गेला. तिचा शोधनिबंध तयार झाल्यावर विभागप्रमुख म्हणाले, "माझं नाव पहिलं टाका. विद्यापीठाच्या समित्यांवर आपली माणसं आहेत. कायमच्या जागेला उपयोग होईल." जुन्या प्राध्यापकांनी माना डोलावल्या. ही म्हणाली, "पहिलं कशावरून, सर? वाण गोळा करायला डोंगर तर मी चढले." झालं! पुढच्या वर्षी हिला तासिका नाहीत, अशी कुजबुज सुरू झाली.

तडजोड म्हणजे आपला धंदा. द्राक्षांची पेटी घेऊन मी त्या प्रमुखसाहेबांकडे गेलो. म्हटलं, "पोरीचं पहिलं, तुमचं दुसरं. मिटवून टाका." साहेबांनी पेटी आत पाठवली आणि म्हणाले, "हा विद्येचा प्रांत आहे शेठ, बैलबाजार नव्हे."

ते वाक्य मला अजून सलतं. घरी येऊन मी तिच्यासमोरच तोंड सोडलं, "बैलबाजाराला नावं ठेवतो! अगं, आम्ही जबडा उघडून दात बघतो, मगच बैलाचं वय मानतो. विकणाऱ्याच्या शब्दावर कोण जातं?"

ती हसली. "मग काका, मी दुसरं काय करते? सल्ल्याचे दात बघते."

निबंध तिच्या एकटीच्या नावानं छापून आला. तासिका गेल्या. सटाण्याच्या एका कॉलेजात तिला काम मिळालं. सामान टेम्पोत चढल्यावर मी म्हटलं, "तिकडं जरा गप्प राहा, बाई. सुखी होशील."

मी वाट बघत होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि नुसतं "बरं, काका" म्हणाली.

टेम्पो कोपऱ्यावर वळायला लागला, तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. भर रस्त्यात ओरडलो, "अगं, विचार की, कशावरून म्हणून!"


इंजिनच्या आवाजात तिला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.